पेत्राचा नाश्ता

मार्च महिना कॅलेंडरवर नंतर दिसतो, नाकाला आधी कळतो. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या आमच्या बिल्डिंगमागे एक आंबा बिल्डरच्या नजरेतून कसा कोण जाणे सुटून उभा आहे. त्याचा मोहोर, पलीकडच्या बांधकामाची सिमेंटची धूळ, शलोमीच्या दप्तरातल्या ताज्या झेरॉक्सचा गरम वास. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर चढून बसलेला, आमच्या स्वयंपाकघरातला सुकटीचा वास. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. तव्यावर पडली की ती कोणाची परवानगी विचारत नाही. जिना उतरते, लिफ्टमध्ये शिरते, वॉचमनच्या खुर्चीपाशी जाऊन बसते.

शलोमी माझी नात. यंदा नववीत आहे. आत्ता मी सुकट निवडतेय, ती टेबलाशी भूगोल पाठ करतेय, आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आहे. या उघड्या खिडकीचं मला जे कौतुक आहे, ते तुम्हाला गेल्या वर्षीचा मार्च सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीचे हे आठवडे आमच्याकडे उपवासाचे. माझ्या सासूबाई नगरकडच्या, कडक. या दिवसांत घरात मटण-कोंबडी बंद, हा नियम त्यांनी घालून दिला. मासळीला मात्र सूट. ती का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना मासळी फार आवडायची, एवढंच मी सांगू शकते. त्या गेल्या, नियम राहिला. उपवास आणि परीक्षा आमच्याकडे जोडीनेच येतात. देवाला वाटत असावं, पोरं नाहीतरी या दिवसांत प्रार्थना करतातच, तर सगळं एकदमच उरकू.

गेल्या मार्चमध्ये शलोमी खिडक्या लावायला लागली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मी तवा ठेवला की ती उठायची, स्वयंपाकघराची खिडकी लावायची, पंखा मोठा करायची. मग एक दिवस म्हणाली, "आजी, आज सुकट नको ना. ट्यूशन आहे."

"ट्यूशनला सुकटीवर प्रश्न आहे का?"

"केसांना वास लागतो गं."

हीच पोर लहानपणी सुकटीच्या चटणीसाठी तव्यातच हात घालायची. आता ती जेवणात वरण-भात मागायला लागली. कामोठ्याला ट्यूशनला निघण्याआधी अंगावर सेंटचे असे फवारे मारायची की मला शिंका यायच्या. मी मनात म्हटलं, चला, आला वाटतं कुणी मुलगा! मी खूश झाले. दोन दिवस मी तिच्याकडे बघून उगाच गालात हसत होते. वय झालं की माणूस शहाणं होतं, हा समज कुणी पसरवला मला माहीत नाही.

आमच्याकडे संध्याकाळी घरची उपासना असते. मुलगा-सून कामावरून उशिरा येतात, म्हणून ती बहुधा आम्हा दोघींचीच. एक गीत, शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, थोडा भाग, मग एकेकीची प्रार्थना. शलोमीची प्रार्थना त्या दिवसांत फार आखूड झाली होती. "प्रभू, सगळ्यांना आशीर्वाद दे, आमेन." रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तशी. एका संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले आणि अगदी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या सुरात सुरू केलं, "हे दयाळू प्रभू, आमच्या घरातल्या त्या गरीब सुकटीवर कृपा कर. डब्यात एकटी पडली आहे बिचारी. तिच्याशी आता कोणी बोलत नाही, तिच्याजवळ कोणी बसत नाही..."

शलोमी फस्सकन हसली. मग तिचं हसणं मध्येच मोडलं. मी डोळे उघडले तर पोर रडत होती.

"तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली.

"काय कोणी सांगितलं?"

"हर्षालीचं."

मला हर्षाली हे नावही माहीत नव्हतं. मी सुकटीची थट्टा करत होते, आणि शब्द जाऊन भलतीकडेच लागले होते.

मग एकेक निघालं. हर्षाली त्यांच्या ट्यूशनमधली नवी मुलगी. उरणजवळच्या करंजा गावची. वडिलांची बोट, आईचा सुक्या मासळीचा धंदा. शिक्षणासाठी कामोठ्याला मावशीकडे राहते. दर सोमवारी ती घरून आली की तिच्या पिशवीला, कपड्यांना मासळीचा वास असतो, असं कुणीतरी म्हणालं. मग सगळ्यांनाच तो यायला लागला. शलोमीचा मैत्रिणींचा एक ग्रुप, त्यातली मुख्य आमच्याच बिल्डिंगमधली, बरोबर आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी सानवी. ग्रुपमध्ये ठरलं, हर्षालीशी बोलायचं नाही. शेजारी बसायचं नाही. ती जवळून गेली की सगळ्यांनी एकदम रुमाल नाकाला लावायचा. आणि जी तिच्याशी बोलेल, ती पण ग्रुपच्या बाहेर.

"माझा पण रुमाल नाकाला गेला, आजी," शलोमी म्हणाली. "आणि आपल्या घरात तर तोच वास येतो. सानवीला कळलं तर?"

माझाही हात गेला, पण डोक्याला. सेंट, खिडक्या, वरण-भात. कुठे मुलगा आणि कुठे काय!

आता अशा वेळी आजीने काय करायचं असतं? मी तेच केलं जे मला येतं. स्वतःची टिंगल केली.

मी तिच्याच वयाची होते तेव्हाची गोष्ट. वडील शिक्षक, बदली होऊन पनवेलला आलेले. तेव्हाचं पनवेल म्हणजे चार गल्ल्या, पुढे भाताची शेतं नि मिठागरं. रविवारच्या शाळेत मी सगळ्यात पुढे बसायचे. येशूच्या पेत्र नावाच्या शिष्याची गोष्ट आली की माझा हात सगळ्यांत आधी वर. येशूला पकडून नेलं, पेत्र बाहेर अंगणात लोकांच्यात शेकत बसला, एका मोलकरणीने विचारलं, तूही त्याच्याबरोबरचा ना? आणि हा म्हणाला, मी त्याला ओळखतही नाही. असं तीनदा. मी बाईंना ठणकावून सांगायचे, "मी असते तर म्हटलं असतं, हो, मी त्याच्याबरोबरची!" बाई कौतुकाने मान हलवायच्या. मी वेणीला झटका द्यायचे. किती आगाऊ होते, काय सांगू! ती पोर आज समोर आली तर मी तिची वेणीच ओढीन.

तर झावळ्यांचा रविवार आला. ईस्टरच्या आधीचा रविवार. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी खजुरीच्या झावळ्या हातात धरून त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, थोडी, पण झावळ्या घेऊन गात गात बाजारातून फेरी काढायची. त्या वर्षी मला कळलं की फेरी शाळेतल्या मैत्रिणींच्या गल्लीतून जाणार. शाळेत मी ख्रिस्ती असल्याचं कधी बोलले नव्हते. मग पेत्राला शिकवायला निघालेल्या या शूर मास्तरणीने, म्हणजे मी, काय केलं? सगळ्यांत मोठी नारळाची झावळी मागून घेतली. वडील म्हणाले, वा, बघा लेकीचा उत्साह! ती झावळी मी तोंडासमोर भिंतीसारखी धरली आणि "होसान्ना"चा गजर करत निघाले. समोरचं काही दिसत नव्हतं. बरोबर मैत्रिणींच्या माडीखाली मी कलिंगडांच्या हातगाडीवर जाऊन आदळले.

कलिंगडं सुटली. एक माझ्या पायाशी फुटलं. गाडीवाला ओरडला, गाणं थांबलं, अख्खी गल्ली बघायला लागली. आणि माडीवरून मैत्रीण किंचाळली, "अगं, ही तर आपली सुमन!"

त्या धावत खाली आल्या. कलिंगडं गोळा केली. आणि मी खाली मान घालून उभी, तर एक म्हणते, "फेरी होती तर सांगायचं ना! आम्ही पण आलो असतो." मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली, "अगं, दर नाताळला तुझ्या आईच्या करंज्या आणि केक कोण खातं? आम्हीच ना!"

ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की सून कलिंगड कापायला घेते तेव्हा आधी माझ्याकडे बघते. शलोमीही नेहमी हसते. त्या संध्याकाळी नाही हसली. पाय पोटाशी घेऊन बसली होती. म्हणाली,

"आजी, तुझ्या मैत्रिणी चांगल्या होत्या गं. माझ्या नाहीयेत."

मी ज्या भीतीची इतकी वर्षं मजा सांगत आले, ती पोकळ होती, म्हणून तिची गंमत झाली. हिची भरीव होती. ही बोलली तर खरंच एकटी पडणार होती. नाही बोलली तर ती करंज्याची पोर एकटी पडलेलीच होती. हे कलिंगडावर निभावणारं नव्हतं.

सूनबाई म्हणाली, ट्यूशनच्या सरांना फोन करू. मुलगा म्हणाला, ट्यूशन बदलू. दोघंही बरोबर असतील. शलोमी म्हणाली, "फोन केलात तर मी जेवणार नाही." म्हणून आम्ही थांबलो, आणि थांबणं हे काम किती जड असतं ते मला त्या आठवड्यात कळलं.

त्या आठवड्यात मी सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या पेत्राचा विचार करत होते. इतकी वर्षं मी त्याला भित्रा म्हणत आले. आणि एकदम वाटलं, त्याला थंडी वाजत होती. शास्त्रात तसं लिहिलंय, थंडी होती म्हणून लोकांनी विस्तव पेटवला होता. तो त्यांच्या शेकोटीशी बसला होता. शेकोटी त्यांची. ऊब हवी तर त्यांच्या हो ला हो म्हणायला हवं. नाहीतर अंधारात जाऊन कुडकुड. माणूस दरवेळी वाईट होतो म्हणूनच नाकारतो असं नाही. नुसता गारठतोही. आठवीतल्या पोरीला ग्रुप म्हणजे काय असतो? शेकोटीच असते की. कलिंगडाची गोष्ट सांगून मी तिला नुसतं "तिथून ऊठ" म्हणत होते. उठून जायचं कुठे, ते सांगत नव्हते.

दुपारी मी सुकट निवडायला बसले, ती समोर गणितं सोडवत होती. मी तिला हे सगळं असंच, तुकड्या तुकड्यात सांगितलं. उपदेश म्हणून नाही. मलाच नवीन कळलं होतं ना, पोटात राहीना.

तिने पेन्सिल चावली. मग विचारलं, "मग येशूने काय केलं? परत भेटल्यावर? पेत्राला काढलं का ग्रुपमधून?"

"नाही," मी म्हटलं. "नाश्ता दिला."

"काय?"

"हो. मेलेल्यातून पुन्हा उठल्यानंतर तो समुद्राच्या काठी आला. पेत्र नि बाकीचे बोटीतून परत येत होते. काठावर यानेच विस्तव पेटवून ठेवला होता. म्हणाला, या, न्याहारी करा. तीनदा नाही म्हणाला होता ना पेत्र, त्याला मग तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती आहे का? पण आधी खायला घातलं."

"काय होतं नाश्त्याला?"

"भाकर. आणि विस्तवावर भाजलेली मासळी."

शलोमी माझ्या हातातल्या सुपाकडे बघत राहिली. मीही बघितलं. देवाशपथ सांगते, तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मासळीचा वास असलेले कपडे घातलेल्या माणसांबरोबरच तर बसला होता येशू आयुष्यभर.

तिने गणितं पुरी केली. संध्याकाळच्या उपासनेत तिची प्रार्थना जरा लांबली. मोठ्याने नाही, ओठ हलत होते. मी एक डोळा उघडून बघितलं. ते करू नये, माहीत आहे मला.

मग झावळ्यांचा रविवार आला. परीक्षा तोंडावर, म्हणून ट्यूशनमध्ये रविवारीसुद्धा सराव पेपर. दोन पेपरांच्या मध्ये डब्याची सुट्टी. आदल्या संध्याकाळी शलोमी म्हणाली, "आजी, उद्या डब्याला सुकट दे."

मी तिच्याकडे न बघता विचारलं, "थोडी?"

"भरपूर."

सकाळी चर्चला गेलो. हल्ली फेरी बाजारातून निघत नाही, ट्रॅफिक असतो. चर्चच्या आवारातच फिरतो आम्ही, वरून विमानं जातात. पाळकसाहेबांची प्रार्थना नेहमीप्रमाणे लांबली आणि पोर तिथूनच थेट कामोठ्याच्या रिक्षात बसली. गेल्यावर माझ्या लक्षात आलं, झावळी तिच्याबरोबरच गेली होती.

तो दिवस मी कसा काढला, विचारू नका. चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. संध्याकाळी बेल वाजली. ती आत आली, चपला काढल्या, झावळी कोपऱ्यात उभी केली, मोबाईल टेबलावर पालथा घातला.

"काढलं मला ग्रुपमधून," ती म्हणाली.

मी पाणी दिलं. "मग?"

"मग काय. भूक लागलीये."

डबा रिकामा होता. पुसून काढल्यासारखा.

खोटं कशाला सांगू, त्यानंतर सगळं छान झालं नाही. त्या मुली तिच्याशी बोलेनाशा झाल्या. सानवी लिफ्टमध्ये भेटली तर मोबाईलमध्ये डोकं घालायची. परीक्षा संपल्यावर सगळ्या मिळून सिनेमाला गेल्या, ही घरी. खिडकीतून त्यांचं खाली एकत्र निघणं बघत होती, तिची पाठ मला दिसत होती. त्या पाठीकडे बघून मला असा संताप आला की मी सरळ लिफ्टमध्ये शिरले, वरच्या मजल्याचं बटण दाबलं. सानवीच्या आईला चार शब्द सुनवायचे होते. वर लिफ्टचं दार उघडलं. मी उभीच. आठवलं, विस्तव पेटवून नाश्ता देणारा कोण, आणि मी काय घेऊन निघालेय! दार बंद झालं. खाली आले. वॉचमन म्हणाला, "आजी, कुठे जायचंय?" मी म्हटलं, "बाबा, आले जाऊन."

श्रद्धा म्हणजे ढाल, असं मला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. असेलही. पण ढाल घेऊन आठवीतली पोर किती वेळ उभी राहणार? हात दुखतात. मला आता वाटतं, ती चुलीसारखी असावी. घरात पेटलेली, मी परत येईन तेव्हा विझलेली नसेल अशी खात्री असलेली. मग पोर परक्या शेकोटीवरून उठू शकते. तिला बाहेर थंडी वाजत नाही असं नाही. वाजतेच.

हे सिनेमाचं पुढचं. त्याआधी, ईस्टरच्या सकाळी बेल वाजली. दारात दोन वेण्या घातलेली, उन्हाने रापलेली एक मुलगी, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं. मागे शलोमी, तिला आणायला खाली गेलेली.

"आजी, मी हर्षाली. आईनं बोंबील दिलंय. तुमचा सन हाय ना आज?"

पुडक्यातून जो वास आला, त्यापुढे माझी सुकट म्हणजे गुलाबपाणी.

दारातला संकोच तिने दहा मिनिटांत सोडला. सुके बोंबील मी गॅसवर भाजायला घेतले आणि ती ओट्याशी येऊन सांगायला लागली. "आजी, ही त्या दिवशी आली ती हातात भला मोठा झाडू घेऊन! मला वाटलं, सर आज साफसफाई करून घेनार. तर ही सरळ माझ्या बाकावर. मी बोलले, तिकडं जा ना, त्या बघतायत. तर बोलते कशी, सरक, डबा उघडायचा हाय! आनि डबा उघडला नि काय सांगू, माझ्यापेक्षा हिच्याच डब्याचा वास जास्त! मीच नाकाला रुमाल लावला."

"खोटं बोलू नकोस हां," शलोमी म्हणाली. "अर्धा डबा तूच खाल्लास."

"मग? आजीनं भरपूर दिलेला. फुकट घालवू?"

दोघी खिदळत होत्या. घरात धूर झाला होता, कारण खिडकी बंद होती. त्या महिनाभराच्या सवयीने तवा ठेवण्याआधी मीच ती लावली होती. नातीला बोचू नये म्हणून. शलोमी खोकली, उठली, आणि खिडकीची कडी काढून दोन्ही दारं बाहेर ढकलली. ईस्टरच्या सकाळी भाजल्या बोंबलाचा तो धूर सरळ वर गेला. क्षणभराने वरच्या मजल्यावरची सानवीची खिडकी धाडकन बंद झाल्याचा आवाज आला.

शलोमीने तो ऐकला. तिने वर बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मग ती टेबलाशी बसली आणि म्हणाली, "आजी, भाकरी दे ना."

त्याला वर्ष झालं. खिडकी तेव्हापासून उघडी आहे.

आत्ता, हे लिहिता लिहिता, हर्षाली आली. दोघींना भूगोल एकत्र करायचाय म्हणे. हर्षाली आल्या आल्या माझ्या सुपात डोकावून म्हणाली, "आजी, तुमी सुकटीच्या मिश्या ठेवल्यात, नीट निवडा." सगळ्या पोरी आगाऊ निघाल्यात. मी तवा ठेवला, सुकट टाकली, वास उठला आणि आपल्या नेहमीच्या वाटेने वर चढायला लागला. शलोमी ताटल्या मांडत होती. मी बघितलं, आम्ही तिघी, आणि ताटली एक जास्त.

"ही कोणाची गं?"

"असू दे," ती म्हणाली. "काल लिफ्टमध्ये भेटली तेव्हा मी सांगितलंय तिला, उद्या सुकट आहे म्हणून."

"काय म्हणाली?"

"काही नाही. मोबाईल बघत होती."

मी तव्यावर कांदा टाकला. ताटली तिथेच आहे. वरची खिडकी, मी कान देऊन बसलेय, अजून तरी आपटलेली नाही.